ओटीतली सरकी

मी मुळातच भित्री. लहानपणी विहिरीत डोकावायला घाबरायचे, पुढे परीक्षेच्या निकालाला घाबरायचे. वय वाढलं की ही खोड जाईल असं वाटत होतं, तर नोकरीच अशी मिळाली की घाबरणं हा कामाचा भाग झाला. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही कापसाच्या झाडात दुसऱ्या एका झाडाचं जनुक घालतो, तो कापूस खाऱ्या जमिनीत तग धरावा म्हणून. आमचे सर, मी आणि काचेच्या बाटल्यांनी भरलेली एक थंडगार खोली, एवढाच आमचा संसार.

रत्नागिरीत कापूस कशाला, हे मला आजवर सगळ्यांनी विचारून झालंय. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, मला बघायला आलेल्या स्थळानेही विचारलं. त्याने तर 'त्यापेक्षा हापूसचं काहीतरी करा' असा सल्लाही दिला आणि पोह्यांची दुसरी बशी मागितली. उत्तर तसं सोपं आहे. कापूस आमच्याकडचा नसेल, मीठ तर आमच्याकडचंच आहे. देशावर पाटाचं पाणी देऊन देऊन खारवलेल्या जमिनी आहेत, हा कापूस त्यांच्यासाठी. त्याला लागणारं जनुक मात्र आमच्या खाडीत उभ्या असलेल्या तिवराकडून घेतलेलं. तिवराचं झाड भरतीच्या पाण्यात जन्मभर उभं राहतं आणि पानांतून मीठ बाहेर टाकतं. शाळेतून येताना आम्ही ती पानं चाटायचो.

बाटल्यांतली बहुतेक रोपं काळी पडून मरतात. जी जगतात ती मागच्या जाळीघरात कुंड्यांमध्ये लावायची आणि त्यांना मीठ कालवलेलं पाणी घालायचं. जाळीघराला दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आतला अंगरखा आतच ठेवायचा. गळलेलं पान असो की मेलेलं रोप, बाहेर काही न्यायचं नाही, सगळं वाफेच्या भट्टीत उकडायचं आणि मग जाळायचं. सगळ्यात जपायचं ते सरकीला, म्हणजे कापसाच्या बीला. ती बाहेर पडली, कुठे रुजली, दुसऱ्या कापसाशी तिचा संकर झाला, तर पुढे काय होईल ते नक्की सांगता येत नाही. 'नक्की सांगता येत नाही' हे वाक्य मी अहवालात इतक्यांदा लिहिलंय की लिहिताना त्याचं काहीच वाटेनासं झालं होतं.

मी राहते खाडीकाठच्या आमच्या गावात, आईबरोबर. दोघीच. रोज एस.टी.ने जाऊन-येऊन करते. घराच्या खाली आमचं खाजण आहे, म्हणजे बांध घालून खाडीकडून राखलेली भातजमीन. होती म्हणायला हवं. एका पावसाळ्यात बांध फुटला. पूर्वी असं झालं की अख्खी वाडी चिखलात उतरून बांध घालायची, आता उतरणार कोण? राहिलोय आम्ही बायका आणि म्हातारे. तेव्हापासून भरतीचं पाणी आत येतं नि ओहोटीला जातं, उन्हाळ्यात जमिनीवर मिठाची पांढरी पापडी धरते. हळूहळू विहिरीचं पाणीही मचूळ झालं आणि विहिरीजवळचा आईचा देवकापूस वाळला.

देवकापूस म्हणजे परसातलं कापसाचं झाड, देवाच्या वातींपुरतं. आमच्याकडे त्याचा एक रिवाज आहे. देवकापसाची सरकी विकत घ्यायची नाही नि विकायचीही नाही. ज्या बाईकडे असेल तिच्याकडे मागायची, आणि आपल्याकडे झाली की मागायची वाट न बघता वाटून टाकायची. ती उकिरड्यावर टाकलेली आईला कधी चालली नाही, आणि चुलीत तर नाहीच नाही. शिवाय उमललेलं बोंड झाडावर ठेवायचं नाही, दिसेल तेव्हा काढून ओटीत घालायचं, म्हणजे पदराच्या खोचलेल्या झोळीत. दुसऱ्याच्या परसात असलं तरी. वातीसाठी काढलेलं बोंड कुणी चोरी म्हणत नाही. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं, पण जाळीघराच्या दारात उभी असताना ते मला आठवलं नाही. तिथे मला फक्त नियम आठवतात.

दिवाळी होऊन गेली होती, त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली होती. आईला डोळे दाखवायला रत्नागिरीत आणलं होतं. दवाखान्यातून आणून तिला प्रयोगशाळेत बसवलं, तर सरच म्हणाले, "आईंना झाडं दाखवा की! तुम्ही दिवसभर काय करता ते त्यांनाही कळू दे." पाहुण्यांच्या वहीत त्यांनी स्वतः तिचं नाव लिहिलं. अंगरखा घालून आई आत आली आणि पहिल्या रांगेपाशीच थांबली. त्या दिवशी वजनं घ्यायची म्हणून बोंडांवरच्या कागदी पिशव्या काढून ठेवल्या होत्या. कापूस नुसता फुलला होता.

"ह्यास्नी खारां पानी घालतंस?" तिने विचारलं.

"हो."

"आनि तरी फुलला?"

सर इतके खूश झाले की त्यांनी तिला तिवराची सगळी हकिगत सांगितली. तेवढ्यात लाईट गेली. बाटल्यांच्या खोलीचा एसी बंद पडला की रोपं वाया जातात, म्हणून मी जनरेटरकडे धावले आणि माझ्यामागे सरही. परत आलो तेव्हा आई दारापाशी अंगरखा काढून, नीट घडी करून उभी होती. मी तिला दुपारच्या गाडीत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीघरात गेले तर शेवटच्या रांगेतली काही बोंडं रिकामी. टरफलं तेवढी झाडावर, आतला कापूस गायब. उंदीर, असं मी मोठ्याने म्हटलं. सर आणि मी गुडघ्यांवर बसून जाळीचा कोपरा न् कोपरा चाचपला. एकही भोक सापडलं नाही, आणि उंदीर काही टरफलाला धक्का न लावता कापूस काढत नाही. तो असा अलगद काढायला माणसाची बोटं लागतात, आणि तीही सवयीची. मग मला आदली संध्याकाळ आठवली. मी घरी पोचले तेव्हा पडवीत शेजारच्या काकी आणि वाडीतल्या चारपाच जणी आईभोवती बसून वाती वळत होत्या. मी त्यांना ओलांडून आत गेले, जेवले आणि झोपले होते.

"सर, माझी आई," मी म्हटलं आणि रिकाम्या बोंडांकडे बोट दाखवलं. सर उलट्या ठेवलेल्या एका कुंडीवर बसले. त्यांनी मला शब्दानेही दुखवलं नाही, तेच जास्त भीतीचं वाटलं. मग म्हणाले, "जैवसुरक्षा समितीला मी आजच कळवतो, लपवायचं नाही. तुम्ही घरी जा. कापूस गेला तरी चालेल, सरकी परत आणा. सगळी." सगळी म्हणजे किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बोंडात सरकी थोडी कमीजास्त असते. रिकाम्या बोंडांवरून अंदाज करता येईल, पण ही शेवटची, आता संपलं, असं कधीच म्हणता येणार नाही. हे मला एस.टी.त बसल्यावर कळलं आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या हॉर्नला मी दचकत राहिले.

आई तुळशीपुढे सारवत होती.

"आई, तिथला कापूस तू काढलास?"

"काढला की. बोंडां उमलून सुकत व्हती. तुमच्यात कोन वाती करनारां नाय, म्हटलां फुकट जाईल." तिला वाटलं मी कौतुकच करणार. "काय मऊ हाय गो! त्रिपुरवात त्याचीच केली."

"आणि सरकी?"

"वाटली ना. किती वर्सांनी आपल्याकडनं सरकी गेली! बायांचां तोंड बगायला हवां व्हतंस."

मी ओल्या सारवणातच बसले. आईने सारवायचं टाकून माझ्या कपाळाला शेणाचा हात लावला. ताप आलाय असं तिला वाटलं. मी सांगत गेले. ही साधी सरकी नव्हे, सरकारी परवानगीने बंद दाराआड ठेवलेली आहे, बाहेर रुजली तर आमचं काम बंद होईल, नोकरी जाईल, आणखीही काय काय होईल. ती ऐकत होती. तिला काम कळलं नाही, नोकरी कळली.

"पोलीस येतील काय गो?" तिने हळूच विचारलं.

"नाही येणार," मी म्हटलं. मला खरंच ठाऊक नव्हतं.

मग आम्ही दोघी घराघरांत फिरलो. वाटलेली सरकी परत मागायची म्हणजे लावलेलं कुंकू पुसून घेण्यासारखं. आई प्रत्येक दारात माझ्या मागे उभी राहायची, पदर तोंडावर धरून. काकींनी सरकी न्हाणीच्या सांडपाण्यावर लावली होती. त्या हसल्या, "अगो, कापूसच ना तो? का नागाची अंडी?" मी उकिडवी बसून माती चाळायला लागले तेव्हा मात्र त्यांचं हसू आटलं. "विषारी हाय काय गो ती? माजी नात हितं खेळते." विषारी नाही, असं मी सांगितलं. "मग कशाला उकरतंस?" मी माती चाळत राहिले. एकीने सरकी पुडीत बांधून डब्यात ठेवली होती, तिला मी मिठीच मारली. दुसरीची कोंबड्यांनी टोचली होती. कोंबड्यांच्या पोटात काय गेलं आणि परड्यात काय राहिलं, ते सांगणार कोण! तिथली माती मी टोपलीभर काढून पिशवीत भरली. ती सगळी माती, परत मिळालेली सरकी, वाती, उरलेला कापूस, आईने केलेली त्रिपुरवातही मी दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला नेऊन भट्टीत घातली.

त्रिपुरवात पिशवीत टाकताना आई म्हणाली, "वातीत कुठे सरकी असते?"

"एखादी चुकून राहिली असली तर?"

त्रिपुरीला तिने दुकानातल्या कापसाची वात लावली. देवळात बायका तिच्याशी नेहमीसारखं बोलल्या, पण तिच्या हातची वात त्या वर्षी कुणी मागितली नाही. मला तिची इतकी दया आली आणि त्याच वेळी तिचा इतका राग आला, की दीपमाळ उजळली तरी मी खालीच बघत राहिले.

समितीची माणसं येऊन गेली. नवी लागवड थांबवा म्हणाले, आणि पुढच्या पावसापर्यंत गावावर नजर ठेवा. एखादं रोप फुलावर आलेलं सापडलं तर प्रकल्प बंद. मी प्रत्येक रविवारी परसं पालथी घालायला लागले. भेंडीचं रोप दिसलं तरी खाली बसून पान न् पान उलटून बघायचे, कारण भेंडी आणि कापूस एकाच कुळातले आणि कोवळेपणी पानं फसवतात. मुलं मला बघून 'कापूसवाली आली' म्हणून ओरडायची. माघ गेला, शिमगा झाला, पालखी घरोघरी नाचून गेली. कुठेच काही उगवलं नाही. सरांचा आवाज फोनवर पूर्वीसारखा मोकळा यायला लागला. मीसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदाच म्हणायला हरकत नाही, थोडी कमी घाबरायला लागले होते.

चैत्रातल्या एका रविवारी आई दुपारची कुठे दिसेना. काकी म्हणाल्या, "खाजणाकडे गेली असेल. हल्ली जाते की रोज, कळशी घेऊन." आमच्या खाजणात एवढ्या उन्हात कळशी घेऊन जायचं काय कारण? तिथे पाण्याला तोटा नाही, तेवढंच तर तिथे आहे. मी चप्पल घालायचीसुद्धा विसरले.

फुटक्या बांधाचा एक तुकडा आमच्या हद्दीत अजून उभा आहे. त्याच्या पलीकडच्या अंगाला, घरातून दिसणार नाही अशा ठिकाणी, आई बसली होती. तिच्यासमोर कापूस होता. माझ्या कमरेला लागेल एवढा. आजूबाजूला गवताची काडी नाही, मिठाची पापडी उन्हात डोळ्यांत जातेय, आणि त्यात ती हिरवीगार पानं. जाळीघरातल्या कुंडीत आमचं एकही झाड इतकं निरोगी वाढलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला आनंद झाला. झालं, जमलं, असंच मनात आलं. मग त्या आनंदाची इतकी भीती वाटली की मी बांधाला धरून उभी राहिले.

आईने वळून पाहिलं. पळाली नाही, लाजलीही नाही.

"सगळी परत दिली मी तुला," ती म्हणाली. "ही तेवढी नाय दिली. त्याच सांजेला हितं टोचली. तुजे सर म्हनाले ना, खाऱ्यात व्हतो म्हनून. म्हटलां बगू या. आपल्या जमनीत परत काय व्हतां काय, बगू या एकदा."

"कळशी कशाला?"

"सुरवातीला गोडां पानी घातलां. आता नाय घालीत, कळशी सवयीनं उचलतंय, नुसती येऊन बसतंय." तिने पानावरून हात फिरवला. "बांध फुटल्यापासनं ह्या जमनीत हिरवां पान नव्हतां बाय. ठेव गो ह्याला. म्हातारीच्या जमनीत कोन येतंय बगायला?"

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. त्याऐवजी मी सवयीने झाड तपासायला लागले. खालच्या फांदीपासून वर, एकेक देठ. फुलं येऊन गेली होती. वर दोन कच्ची बोंडं होती, घट्ट, हिरवी. आणि सगळ्यात खाली, पानाआड, एक टरफल होतं. उमललेलं, वाळलेलं, रिकामं.

"आई, हे तू काढलंस?"

"कुठलां?"

"हे बोंड. आतला कापूस कुठाय?"

ती वाकून बघायला लागली. तिने टरफलाला बोट लावलं. मग उभी राहिली आणि ओटी सोडून माझ्यापुढे झटकली. काही नव्हतं. "नाय गो. देवाशपथ. मला हे दिसलांच नाय." ती खोटं बोलत नव्हती. तिचा चेहरा बदलताना मी पाहिला. इतके महिने ती माझ्यासाठी घाबरली होती, पोलिसांना घाबरली होती. आता ती पहिल्यांदाच त्या सरकीला घाबरली. तिने झाडाकडे पाहिलं, मग उघड्या खाजणाकडे, मग बांधाच्या खिंडाराकडे, जिथून पाणी आत येतं.

मी काही सांगायच्या आत तिने वाकून बुंधा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. मूळ खोल गेलं होतं, निघेना. तिने नखांनी माती उकरली, पुन्हा ओढला. निघाला तेव्हा ती मागे पडता पडता वाचली. झाड तिने माझ्या हातात दिलं, कच्ची बोंडं तुटणार नाहीत असं, आडवं धरून.

मी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "केवढं वाढलं होतं?" मी सांगितलं. "पानं कशी होती?" मी तेही सांगितलं. मग त्यांचा आवाज फाटला. "एक बोंड नाही म्हणालात?" मी हो म्हटलं. "भरती केव्हा आहे?" त्यांनी विचारलं आणि मी खिंडाराकडे पाहिलं. कापसासकट असलेली सरकी पाण्यावर तरंगते. समुद्राच्या पाण्यात बरेच दिवस राहूनही ती रुजू शकते, हे आम्ही दोघांनी कुठे कुठे वाचलेलं होतं. आणि ही तर मीठ सोसायला शिकवलेली.

फोन ठेवला तेव्हा आई खाजणात उतरली होती. पदर खोचून, गुडघ्यांवर बसून ती मिठाच्या पापडीवरून तळहात फिरवत होती. मी झाड पिशवीत बांधून बांधावर ठेवलं आणि तिच्या शेजारी उतरले. उन्हाने डोळ्यांतून पाणी येत होतं. पांढऱ्या मिठावर आम्ही पांढरा कापूस शोधत होतो. जरा कुठे उंचवटा दिसला की हात घालायचा, चिमटीत धरायचं, आणि ते चुरायचं. मीठच असायचं.

"बाय," आई म्हणाली, "तुला दिसतंय काय गो? माज्या डोळ्यांला सगळां सारकांच दिसतंय."

मलाही सारखंच दिसत होतं. खिंडारातून पाणी आत यायला लागलं होतं. ते आधी आमच्या बोटांना लागलं, मग गुडघ्यांना, आणि आमच्यापुढची पापडी विरघळत गेली. आई उठायला तयार नव्हती. मी तिला काखेत हात घालून बांधावर ओढून आणलं, तरी तिची मूठ मिटलेलीच होती. उघडून पाहिली तर तिच्यात मीठ होतं.